डेट्रॉईट लायन्सचा २०२३ चा ड्राफ्ट : वहीतले गुण पुन्हा तपासताना

पंचगंगाकाठ

क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) हेन्डन हूकरला आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, लायन्सनी, सोडल्याची बातमी या आठवड्यात (ऑगस्ट २०२५) आली आणि मी कपाटातली वही काढली. दर एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या, तीन दिवसांत प्रत्येक पिकसमोर (निवडीसमोर) दहापैकी गुण लिहायची माझी सवय २००९ पासूनची आहे. त्याआधीच्या मोसमात आमचा संघ सोळाच्या सोळा सामने हरला होता. मी मिशिगनमध्ये नवीन होतो, खेळ नुकता कळायला लागला होता. पहिल्या क्रमांकावर मॅथ्यू स्टॅफर्डचं नाव पुकारलं गेलं तेव्हा वहीत पहिली ओळ पडली.

२०२३ च्या पानावर २७ एप्रिलच्या रात्री मी लिहिलंय : जामीर गिब्स ४, जॅक कॅम्पबेल ३. दुसऱ्या दिवशी : सॅम लापोर्टा ५, ब्रायन ब्रांच ८, हूकर ७, ब्रॉड्रिक मार्टिन ४. खाली लाल पेनने एक वाक्य आहे, 'सहाव्या पिकचं मातेरं केलं.' आता दोन मोसम पूर्ण झालेत, तिसरा तोंडावर आहे. ते पान जसंच्या तसं ठेवणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी तो सहावा पिक कुठून आला ते सांगतो, कारण राग त्याचाच होता. २०२१ मध्ये ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर झाला आणि डॅन कॅम्पबेल मुख्य प्रशिक्षक. आल्या आल्या त्यांनी बारा वर्षं आमच्यासाठी मार खाल्लेला स्टॅफर्ड लॉस अँजेलिस रॅम्सला दिला. बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, त्याच वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक आणि २०२२ व २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक घेतले. स्टॅफर्ड तिकडे गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना) जिंकला. पुढच्या वर्षी मात्र रॅम्स कोसळले आणि त्यांचा पिक आमच्यासाठी थेट सहावा झाला. एका माणसाला निरोप देऊन मिळालेली ती पुंजी होती. तिचं काय होतंय याकडे आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो.

त्या रात्री आमच्या तळघरात सात-आठजण होतो. पाचव्या क्रमांकावर सिअॅटलने कॉर्नरबॅक डेव्हन विदरस्पून उचलला. सहावा आला, बचावाच्या पुढच्या फळीतला जॉर्जियाचा जेलन कार्टर अजून शिल्लक होता, आणि बातमी झळकली की लायन्सनी पिक विकला. अॅरिझोनाला ६ आणि ८१ क्रमांकाचे पिक दिले, त्यांच्याकडून १२, ३४ आणि १६८ घेतले. बाराव्यावर नाव आलं अलाबामाच्या रनिंग बॅकचं (चेंडू घेऊन धावणाऱ्याचं), म्हणजे गिब्सचं. तळघरात कोणी काही बोललं नाही. एकाने टीव्हीचा आवाज बंद केला.

रनिंग बॅक म्हटलं की लायन्सच्या जुन्या चाहत्याच्या पोटात का गोळा येतो तेही सांगायला हवं. बॅरी सँडर्स १९९९ मध्ये अचानक निवृत्त झाला. त्यानंतर त्याच्या जागेसाठी आम्ही पिकवर पिक घातले : जाविद बेस्ट २०१०, मिकेल लशूर २०११, अमीर अब्दुल्ला २०१५, केरीऑन जॉन्सन २०१८, डीआंद्रे स्विफ्ट २०२०. पाचही जण पहिल्या दोन फेऱ्यांतले. पाचांपैकी एकानेही आमच्याकडून एका मोसमात धावून हजार यार्ड काढले नाहीत, दुखापतींनी एकेकाला खाल्लं. शिवाय २०२३ च्या मार्चमध्येच शिकागोहून डेव्हिड मॉन्टगोमरीला तीन वर्षांच्या करारावर आणलं होतं, आणि स्विफ्ट तेव्हा संघातच होता. (ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं.) भरलेल्या घरात आणखी एक पाहुणा कशाला, हा माझा प्रश्न होता.

गिब्सने पहिल्या मोसमात धावून ९४५ यार्ड आणि १० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले, वर ५२ चेंडू झेलले. मॉन्टगोमरीने १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन. म्हणजे पाहुणा जागा अडवायला आलाच नव्हता. मॉन्टगोमरी मधल्या फळीत घुसून बचाव दमवायचा, आणि दमलेल्या बचावाला गिब्स कडेने गाठायचा. आमचा तेव्हाचा आक्रमणाचा प्रशिक्षक बेन जॉन्सन याची आखणीच त्या जोडीवर उभी होती. ३० ऑक्टोबरच्या सोमवारी मॉन्टगोमरी जखमी असताना गिब्सने रेडर्सविरुद्ध एकट्याने १५२ यार्ड काढले, त्या रात्री मी वहीतल्या ४ वर पहिली काट मारली.

पण माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते ५ जानेवारी २०२५ ला. फोर्ड फील्डमध्ये सगळ्यात वरच्या रांगांत होतो. मोसमातला शेवटचा सामना, आम्ही आणि मिनेसोटा दोघेही १४-२, जिंकेल त्याला कॉन्फरन्समध्ये (लीगच्या आपल्या अर्ध्या भागात) पहिलं मानांकन. मॉन्टगोमरी पुन्हा जखमी. गिब्सने चार टचडाउन केले, सामना ३१-९. त्या मोसमात त्याचे धावून १,४१२ यार्ड आणि झेललेले धरून एकूण २० टचडाउन झाले. शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ १९९१ च्या संघाच्या आठवणी सांगत होते. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

२०२४ च्या जानेवारीत सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, गिब्सच्या हातून सुटलेला चेंडूही मी विसरलेलो नाही. मध्यंतराला २४-७ पुढे होतो, ३४-३१ ने हरलो, आणि तिसऱ्या सत्रातला तो फम्बल त्या घसरगुंडीतली एक पायरी होती. गॉफकडून चेंडू देतानाच गडबड झाली होती. तरी तो क्षण त्याच्या खात्यावर राहणार.

लापोर्टाला ५ का दिले? आमच्या टाइट एन्डच्या (झेलणारा आणि अडवणाराही) इतिहासामुळे. २००९ मध्ये ब्रँडन पेटीग्रू, २०१४ मध्ये दहाव्या क्रमांकावर एरिक ईब्रन (आरन डॉनल्ड तीन क्रमांकांनंतर गेला, ती जखम अजून ओली आहे), २०१९ मध्ये आठव्यावर आयोवाचा टी. जे. हॉकेनसन. हॉकेनसनला २०२२ च्या मोसमाच्या मध्यावर मिनेसोटाला दिलं आणि सहा महिन्यांनी त्याच आयोवाचा आणखी एक टाइट एन्ड घेतला. मला वाटलं, हे लोक त्याच विहिरीत पुन्हा पोहरा टाकतायत. तर या मुलाने पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले. नवोदित टाइट एन्डचा १९८८ पासून उभा असलेला ८१ चा विक्रम मोडला. ८८९ यार्ड, १० टचडाउन. (पुढच्याच वर्षी ब्रॉक बाउअर्सने तो विक्रम ११२ वर नेला.) साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्याचा गुडघा उलटा वाकला होता. आठवड्याने, रॅम्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), तो पट्टी बांधून उतरला आणि टचडाउन झेलला. आम्ही २४-२३ जिंकलो, १९९१ च्या मोसमानंतरचा आमचा पहिला प्लेऑफ विजय. समोर क्वार्टरबॅक होता स्टॅफर्ड, आणि त्याला देऊन आलेल्या पिकमधून मिळालेली दोन माणसं, गिब्स आणि लापोर्टा, आमच्या बाजूने खेळत होती.

ब्रांचला मी ८ दिले होते, ते आता ९ करतो. पहिल्या फेरीत जाईल असं सगळे म्हणत असताना तो ४५ पर्यंत खाली आला होता. पहिलाच व्यावसायिक सामना, कॅन्सस सिटीत, सुपर बोल विजेत्यांच्या घरी. त्यांच्या खेळाडूच्या हातून उडालेला, त्यांच्या क्वार्टरबॅक माहोम्सचा पास त्याने हवेत पकडला आणि ५० यार्ड धावत टचडाउन. २१-२० ने जिंकलो. तो आधी निकेलवर (मागच्या फळीतला जादाचा बचावपटू) खेळला, दुसऱ्या वर्षी सेफ्टीवर (सगळ्यात मागे) गेला आणि प्रो बोलला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांत, निवडला गेला. डोकं गरम आहे. ग्रीन बेमध्ये २०२४ साली हेल्मेटने मारल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

जॅक कॅम्पबेलवर मी अजून पूर्ण ठाम नाही. त्याच्याबद्दल प्रतिसादांत बोलू. पाचव्या फेरीतला कोल्बी सॉर्सडाल राखीव लाइनमन म्हणून उपयोगी पडला. सातव्या फेरीतला अँटवान ग्रीन दुसऱ्या वर्षी टिकला नाही, त्या फेरीत तेवढंच होतं.


सई_नाशिक

दादा, धागा आवडला, पण मला हा खेळ शून्य कळतो. नवऱ्यामुळे आयपीएलचा लिलाव मात्र पाहते. ड्राफ्ट म्हणजे तसंच काही का? आणि संघ पिक 'विकतो' म्हणजे पैसे घेतो?


पंचगंगाकाठ

सईताई, चांगलं विचारलंत. लिलावात ज्याच्या खिशात पैसे तो बोली वाढवतो. इथे बोलीच नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. सुपर बोल जिंकणारा फेरीत शेवटी. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूला संघ निवडायचा हक्क नसतो, ज्याने नाव पुकारलं तिकडे जायचं. पगारही क्रमांकावर ठरलेला असतो, खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०११ च्या करारापासून त्यात घासाघीस जवळजवळ उरलेली नाही. गिब्सचा चार वर्षांचा करार सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलरचा आहे, कारण तो बारावा होता.

विकणं म्हणजे पैसे नाहीत, पिकच्या बदल्यात पिक किंवा खेळाडू. हेच या सगळ्यातलं खरं डोकं लढवण्याचं काम. चांगला पिक देऊन दोन मधले घ्यायचे, की दोन मधले देऊन एक चांगला.


मुठाकाठचा

सई, आपल्याकडेही हे झालंय. २०१७ मध्ये इंडियन सुपर लीगचा भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईत झाला होता. पहिली निवड जमशेदपूरची, अनस एडाथोडिका. मी तेव्हा पुणे सिटीचा पाठीराखा. बालेवाडीला जायचो. रात्रभर बसून कोणता संघ काय उचलतो ते कागदावर लिहीत होतो. फक्त तिकडे प्रत्येक खेळाडूची किंमत आधी ठरलेली होती आणि अमेरिकेसारखं पिकचं गुंतागुंतीचं व्यापारशास्त्र नव्हतं. पुण्याचा तो संघच पुढे राहिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पंचगंगाकाठ, आयडीवरून कोल्हापूरचे दिसता. खरं का?


पंचगंगाकाठ

हो, शिवाजी पेठ. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलो. आमच्याकडे माणूस घर बदलेल, गाव बदलेल, तालीम बदलत नाही. इकडे आल्यावर सहकारी म्हणाले, लायन्स सोड, दुसरा संघ धर. ते माझ्याच्याने झालं नाही.


नेपरव्हिलकर

मी शिकागो बेअर्सचा. म्हणजे मॉन्टगोमरी आमचाच, आणि तुमचा बेन जॉन्सन आता आमचा मुख्य प्रशिक्षक. तेव्हा माझं बोलणं त्या चष्म्यातून वाचा, पण वाचा.

गिब्स अफाट आहे, त्यावर वाद नाही. वाद हा आहे की सहाव्या क्रमांकावर जेलन कार्टर समोर होता. मैदानाबाहेरच्या प्रकरणामुळे काही संघ बिचकले हे मान्य. पण फिलाडेल्फियाने त्याला नवव्यावर घेतलं, तिसाव्यावर पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) नोलन स्मिथ घेतला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवून सुपर बोल जिंकला. तो सामना बचावाच्या पुढच्या फळीने जिंकला, माहोम्सला श्वास घेऊ दिला नाही.

त्याच जानेवारीत तुमच्याकडे काय झालं? १५-२ चा संघ, स्वतःचं मैदान, आणि वॉशिंग्टनचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स निवांत उभा राहून चेंडू फेकत होता. ४५-३१. धावणारा आणि झेलणारा तुमच्याकडे होताच, डॅनियल्सला पाडणारा नव्हता. २०२३ मध्ये पहिल्या दोन दिवसांत सहा माणसं घेतली, त्यात पास रशर एकही नाही. मला हा ड्राफ्ट चांगला वाटतो, पण तुम्ही म्हणता तेवढा मोठा नाही.


आकडेमोड

कार्टरवर तुम्ही भांडा, मी व्यवहाराची बेरीज लिहितो. नव्वदीच्या सुरुवातीला डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावाने ओळखला जाणारा पिकच्या भावांचा तक्ता तयार झाला, अजून लोक तो वापरतात. त्यात सहाव्या पिकचे १६०० गुण, ८१ व्याचे १८५. एकूण १७८५ दिले. मिळालं काय : बारावा १२००, चौतिसावा ५६०, आणि १६८ व्याचे २४.२. एकूण १७८४.२. म्हणजे तराजू जवळजवळ काट्यावर काटा. व्यवहार बरोबरीचा होता, तेव्हा मातेरं झालं ही ओळ त्या रात्रीही आकड्यांनी टिकत नव्हती.

आता मला आवडणारा भाग. २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला कॉर्नरबॅक जेफ ओकुडा आठवतो? त्याची टाच गेली, जम बसला नाही. २०२३ च्या ड्राफ्टआधी दोन आठवडे त्याला अटलांटाला देऊन १५९ वा पिक घेतला. तो १५९ आणि स्वतःचा ४८ ग्रीन बेला देऊन ४५ वर चढले आणि ब्रांच घेतला. वाया गेलेल्या तिसऱ्या पिकचा शेवटचा तुकडा असा कामी आला.

हॉकेनसनचं तसं नाही. मिनेसोटाकडून मिळालेला ५५ वा पिक कॅन्सस सिटीला देऊन ६३ वर उतरले, तिथून डेन्व्हरशी व्यवहार करून ६८ वर. (बारीकसारीक पिक सोडून देतोय.) आणि ६८ वर घेतला हूकर.


पंचगंगाकाठ

आकडेमोड, बेरजेबद्दल आभार. हा तक्ता मी त्या रात्री काढून बघायला हवा होता.

नेपरव्हिलकर, कार्टरबद्दल एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. नववा पिक मुळात तुमच्या बेअर्सकडे होता. तुम्ही तो फिलाडेल्फियाला दिलात, दहाव्यावर उतरलात आणि डार्नेल राइट घेतलात. राइट चांगला आहे. पण कार्टरला सोडणारे आम्ही एकटे नव्हतो.

वॉशिंग्टनच्या सामन्याचं म्हणाल, तर त्या रात्री आमचा मुख्य पास रशर एडन हचिन्सन नव्हता. १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये आम्ही ४७-९ ने जिंकत असताना त्याच्या पायाचं हाड मोडलं. त्या दिवशी जिंकूनही आमच्याकडे कोणी जेवलं नाही. डिसेंबरमध्ये आलिम मॅकनीलचा गुडघा गेला. अॅलेक्स अँझालोनचा हात त्याआधी नोव्हेंबरमध्ये मोडला होता. पुढची फळी रिकामी झाली होती.

तरी तुमचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. हचिन्सन एका बाजूने एकटाच धावतोय आणि दुसऱ्या बाजूला कोणी नाही, हे आम्हाला २०२२ पासून दिसत होतं. एक माणूस पडला की फळी पडते, अशी फळी ठेवणं ही चूकच. ती चूक गिब्सच्या पिकमध्ये शोधू नका एवढंच म्हणतो. ती तिसऱ्या फेरीत आहे.


नेपरव्हिलकर

राइटचा टोला मान्य.

तिसऱ्या फेरीवर मग मीच लिहितो, कारण तिथे आपलं एकमत दिसतं. ६८ वर हूकर, ९६ वर मार्टिन. या दोन क्रमांकांच्या मध्ये रॅम्सनी ७७ वर बायरन यंग घेतला आणि ८९ वर कोबी टर्नर. यंगने पहिल्या वर्षी ८ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) केले, टर्नरने ९. दोघेही बचावाच्या पुढच्या फळीतले, म्हणजे तुम्हाला नेमकं जे हवं होतं ते. हूकरनंतर लगेच, ६९ वर, ह्यूस्टनने टँक डेल घेतला तो वेगळाच.


ट्रॉयची_मेधा

पहिल्यांदाच या विभागात लिहितेय. आकडे तुमच्याइतके येत नाहीत, पण लेकीमुळे चार वर्षं प्रत्येक सामना पाहते. ती दहावीत आहे, आपल्या झेलणाऱ्या सेंट ब्राउनची १४ नंबरची जर्सी घालून शाळेत जाते.

२०२४ चा ड्राफ्ट डेट्रॉईटमध्येच होता. आम्ही दोघी गेलो होतो. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक आले. कॅम्पस मार्शियसपासून नदीपर्यंत निळा रंग. मी १९९८ पासून इथे आहे. या शहराच्या मध्यवस्तीत संध्याकाळी थांबू नका असं आम्हाला सांगायचे, ते दिवस पाहिलेत. त्या गर्दीत लेकीचा हात धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. स्टेजवर लायन्सचे खेळाडू आले तेव्हा लोक एकेकाच्या नावाने ओरडत होते.

माझं म्हणणं जॅक कॅम्पबेलबद्दल आहे. पंचगंगाकाठ, त्याला ३ फार कमी. पहिल्या वर्षी तो अडखळत होता, पासच्या मागे धावताना अर्धं पाऊल उशीर व्हायचा, हे मलाही दिसायचं. पण अँझालोनचा हात मोडल्यावर बचावाला हाका देण्याचं काम या पोराकडे आलं. त्या मोसमात त्याने १३१ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) केले. सगळे एकामागून एक जखमी होत असताना हा प्रत्येक सामन्याला उभा होता. लेक म्हणते, आई, तो कधी बाहेर जातच नाही.


पंचगंगाकाठ

मेधाताई, त्याला मी कमी गुण दिले कारण लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) ही जागा पहिल्या फेरीत महाग पडते असं मी वाचत आलो होतो. पैसा कुठे जातो बघा : क्वार्टरबॅक, त्याला पाडणारे, त्याला वाचवणारे, झेलणारे आणि त्यांना अडवणारे. रनिंग बॅक आणि मधला लाइनबॅकर शेवटी. लायन्सनी पहिल्या फेरीत नेमक्या याच दोन जागा घेतल्या. त्या रात्री मी जागांना गुण दिले आणि माणसांकडे पाहिलंच नाही. कॅम्पबेल साडेसहा फुटांच्या जवळ उंच, अडीचशे पौंड वजनाचा, कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार घेऊन आलेला. माझ्या वहीत यातला एकही शब्द नाही.

त्याच्या सुधारण्यात केल्व्हिन शेपर्डचा मोठा वाटा आहे. शेपर्ड स्वतः लाइनबॅकर होता, आमच्याकडे त्याच जागेचा प्रशिक्षक होता, आणि बचावाचा प्रशिक्षक आरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सकडे गेल्यावर या वर्षी अख्खा बचाव त्याच्याकडे आलाय. ज्याने जॅकला घडवलं तोच आता हाका ठरवणार. ७ देतो. पासच्या बचावात अजून शंका आहे, म्हणून ८ नाही.


आकडेमोड

एक आकडा माझ्याकडून. लापोर्टा दुसऱ्या फेरीतला, म्हणून त्याच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय (संघाने ठरवलं तर करार एक वर्ष वाढवायचा हक्क) नाही. गिब्स आणि कॅम्पबेलच्या करारात आहे. दोन वर्षांत ब्रांच धरून या चौघांचे करार एकाच वेळी समोर येणार, आणि गॉफचा २१ कोटी २० लाख डॉलरचा करार आधीच डोक्यावर आहे. चांगल्या ड्राफ्टची ही दुसरी बाजू. स्वस्तात मिळालेली माणसं एकदम महाग होतात.


पंचगंगाकाठ

ते आहेच. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

आता हूकर, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. मी त्याला ७ दिले होते आणि त्यामागे विचार होता. टेनेसीत तो जबरदस्त खेळत होता, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला नसता तर बराच आधी गेला असता. लायन्सना घाई नव्हती. एक वर्ष बरा होऊ दे, शिकू दे, गॉफ चालला नाही तर हा तयार असेल, असा तो हिशेब. पण तो निवडला गेला तेव्हाच २५ वर्षांचा होता, आणि टेनेसीतला खेळ व्यावसायिक खेळापेक्षा फार वेगळा, ठरलेले दोन-तीन पर्याय बघून चेंडू फेकण्यावर चालणारा. इकडे गॉफ दिवसेंदिवस चांगला होत गेला. २०२४ च्या मे महिन्यात त्याचा करार झाला आणि हूकरच्या वाटेवर दार लागलं. या ऑगस्टमध्ये काइल अॅलनने त्याला मागे टाकलं. मुलाबद्दल मला वाईट वाटतं, त्याला खरी संधी मिळालीच नाही. पण पिकचे गुण २.

मार्टिनचं दुःख वेगळं आहे. त्याच्यासाठी ९६ वर चढायला आम्ही अॅरिझोनाला तीन पिक दिले, त्यात त्यांच्याकडूनच आलेला १६८ वा होता. वेस्टर्न केंटकीचा धिप्पाड मुलगा, वेळ लागेल असं सगळेच म्हणत होते. वेळ दिला, पण तो मैदानावर फारसा दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशीचे तीन पिक हातात असते तर तीनपैकी एक तरी लागला असता का? २०२१ मध्ये ११२ व्या क्रमांकावर याच होम्सने सेंट ब्राउन उचलला होता. म्हणून हे जास्त लागतं. १.

सुधारलेलं पान असं : गिब्स ९, कॅम्पबेल ७, लापोर्टा ९, ब्रांच ९, हूकर २, मार्टिन १, सॉर्सडाल ४, ग्रीन २. लाल ओळ खोडली. खोडलेली वाचता येईल अशीच ठेवली आहे.


सई_नाशिक

दादा, सगळं कळलं असं नाही, पण ओकुडाचा तुकडा ब्रांचपर्यंत कसा पोचला ते नवऱ्याला समजावून सांगितलं. तो म्हणतो सामना बघू या. पुढचा कधी?


पंचगंगाकाठ

७ सप्टेंबर, रविवार, ग्रीन बेमध्ये. तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. जागणं जमलं नाही तर थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी बघा. १९३४ पासून त्या दिवशी लायन्स खेळतात, दुपारचा सामना असतो, तुमच्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होईल.


नेपरव्हिलकर

आणि १४ तारखेला आम्ही तुमच्या घरी, बेन जॉन्सनला घेऊन. फोर्ड फील्डवर येतोय मी, भेटू. एक विचारायचं राहिलं. या एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत २८ वर ओहायो स्टेटचा डिफेन्सिव टॅकल घेतलात, टायलिक विल्यम्स. वहीत त्याच्यासमोर काय लिहिलंय?


पंचगंगाकाठ

६. पेन्सिलने. मॅकनील परत येईपर्यंत मधली जागा त्यालाच भरायची आहे. ग्रीन बेची लाइन त्याला अडवायला दोघे लावते की एक, ते आधी बघतो. चौदाला भेटा, तळघरात सगळ्यांचं जेवण आहे, तांबडा-पांढरा मी करणार आहे.